गणपूर्तीपुरत्या मॅडम

"या विद्यापीठाच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखेत स्त्री आणि पुरुष हा भेद या क्षणापासून कायमचा संपलेला आहे!" असं कुलगुरूंनी मोठ्या सभागृहात जाहीर केलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरल्यावर कुलगुरू गहिवरून म्हणाले, "या शाखेतल्या आपल्या सर्व प्राध्यापक भगिनींनी कृपया उभं राहावं. सभागृहाला त्यांना बघू दे."

धातुशास्त्र विभागाच्या मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे खुर्चीची सीट फट्कन मिटली.

कुलगुरूंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, वर बाल्कनीतही पाहिलं. मग माइकवर हात ठेवून कुलसचिवांना विचारलं, "बाकीच्या?" हात माइकवर नीट बसला नव्हता. "बाकीच्या नाहीत, साहेब," हे कुलसचिवांचं उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"तरीही!" कुलगुरू म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

पूर्वी आणखी दोघी होत्या. रसायनशास्त्रातल्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या हसतमुख स्वभावाचं आणि नीटनेटक्या कपाटांचं पोटभर कौतुक झालं, संशोधनाचं तेवढं राहून गेलं. भौतिकशास्त्रातली मुलगी फार हुशार होती. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या टेबलावर विभागाचा नवा प्रिंटर बसलेला होता. प्रिंटर काही हलवता येईना, त्यामुळे ती हलली. राहता राहिल्या मॅडम. त्यांचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. शाखेच्या कुठल्याही मजल्यावर "मॅडमना विचारा" असं म्हटलं, की कोणत्या मॅडमना हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मॅडमचं काम समजायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. पोलादाची सळई भट्टीत उभी टांगायची, तिला सहज पेलेल एवढंच वजन खाली अडकवायचं, भट्टी अखंड तापती ठेवायची आणि वाट बघायची. सळई लगेच तुटत नाही. ती लांबते, म्हणजे किती, तर वर्षभरात केसाच्या जाडीएवढीसुद्धा नाही. पण लांबत राहते, आणि मग एक दिवस कुणालाही न विचारता तुटते. वीजकेंद्रातल्या वाफेच्या नळ्या कधी फुटणार आणि त्याखाली उभी असलेली माणसं कधी भाजणार, हे आधी कळायचं असेल तर याला दुसरा उपाय नाही. भट्टी मध्येच थंड झाली, की सगळं मुसळ केरात. आवाराच्या पार टोकाला, पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत अशा भट्ट्यांची रांग होती. त्यातली कोपऱ्यातली सळई मॅडमनी टांगली तेव्हा त्यांची लेक पहिलीत होती. लेक आता परगावी नोकरी करत होती. सळई अजून टांगलेली होती.

"धाकटी कशी आहे?" मॅडमची आई रोज जेवायला बसताना विचारायची. धाकटी म्हणजे सळई.

"बरी आहे."

"वाढली का काही?"

"वाढतेय."

"चला, म्हणजे घरात एकीचं तरी सगळं सुरळीत चाललंय."

आता, भेद एकदा संपला म्हटल्यावर तो संपलेला राहावा म्हणून नियम हवा. नियम करायला समिती हवी, आणि समितीत स्त्री हवी. मॅडमना बोलावणं आलं. समितीचे अध्यक्ष त्यांचेच विभागप्रमुख होते. त्यांना सगळे पाठीमागे 'सर्वानुमते' म्हणत. कारण ते कोणताही निर्णय घरून तयार करून आणत आणि खुर्चीवर बसता बसता म्हणत, "तर मग हे सर्वानुमते ठरलं." मसुद्यात त्यांनी लिहून आणलं होतं, की किमान एक स्त्री सभासद हजर असल्याखेरीज कोणत्याही समितीची गणपूर्ती होणार नाही, म्हणजे सभाच भरली असं धरलं जाणार नाही.

"उत्तम," कुलसचिव म्हणाले. "आमची मेहुणी आहे. फार हुशार. शिवणाचे वर्ग चालवते. ती येऊन बसत जाईल. तिला दुपारी वेळच वेळ असतो."

मॅडमनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाच्या टेबलावर हात आपटला. म्हणाल्या, "मेहुणी नाही, वहिनी नाही, आत्या नाही. जी स्त्री बसेल ती याच शाखेतली, कायम नोकरीतली शिक्षक असली पाहिजे. तसं लिहा, नाहीतर मी सही करणार नाही."

सर्वानुमते विचार करून म्हणाले, "रास्त आहे," आणि चक्क तसं लिहिलं.

मॅडम त्या संध्याकाळी घरी आल्या त्या चपला काढायच्या आधी आईला म्हणाल्या, "आज त्यांनी माझं ऐकलं!"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग नीट बघ गं बाई. तुझं काहीतरी चुकलं असणार."

त्यानंतर मॅडम समित्यांवर गेल्या, त्या जवळजवळ परत आल्याच नाहीत. परीक्षा समिती, खरेदी समिती, बाकदुरुस्ती समिती, वाहनतळ समिती, मोकाट कुत्रे समिती. एकही समिती त्यांच्याशिवाय भरेना. स्थापत्य विभागाच्या निवड समितीत त्या होत्या, विद्युत विभागाच्या होत्या, यंत्रविभागाच्या तर दोनदा होत्या. त्या वर्षी शाखेत जितके पुरुष बढतीला चढले तितके त्याआधी कधीच चढले नव्हते, आणि सगळे अगदी नियमानुसार, कारण प्रत्येकाच्या मुलाखतीला एक स्त्री हजर होती. वार्षिक अहवालात 'समित्यांमधील स्त्री-सहभाग' या रकान्यात 'शंभर टक्के' असं छापून आलं. कुलगुरूंनी तो अहवाल चौकट करून दालनात लावला.

भट्ट्यांच्या नोंदी घ्यायला मॅडम मग पहाटे जाऊ लागल्या. शोधनिबंध लिहायचा वेळ मोकाट कुत्र्यांत गेला. कुत्रे होते तिथेच होते.

अशात थोरले सर निवृत्त झाले. ते धातुशास्त्रातले एकमेव पूर्ण प्राध्यापक. मॅडम इतकी वर्षं भट्ट्या सांभाळत असल्या, तरी हुद्द्याने त्यांच्या खालच्या. प्रयोगशाळा पदाला चिकटलेली असते. ज्याचं पद त्याची प्रयोगशाळा. थोरल्या सरांनी तिथे शेवटचं पाऊल कधी टाकलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण दारावरची पाटी त्यांची होती आणि पाटी होती तोवर भट्ट्यांच्या विजेला कुणी हात लावत नव्हतं. आता पाटी निघाली. जाहिरात लागली. मॅडमनी अर्ज केला. दुसरा अर्ज त्यांच्याच हाताखाली पीएचडी झालेल्या तरुण सहकाऱ्याने केला. मॅडमनी त्याला अक्षरशः हाताला धरून भट्टी पेटवायला शिकवलं होतं, म्हणून विभागात त्याला 'चिरंजीव' म्हणत.

अर्जांची मुदत संपली आणि सर्वानुमत्यांनी मॅडमना खोलीत बोलावलं.

"बसा, मॅडम. एक बारीकसा पेच आहे. निवड समितीत एक स्त्री लागते."

"माहीत आहे. मीच असते दर वेळी."

"हां. पण या वेळी तुम्ही उमेदवार. स्वतःच्या मुलाखतीला टेबलाच्या दोन्ही बाजूंना कसं बसणार?"

"मग बाहेरच्या विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापक बाईंना बोलवा. मी नावं देते."

"आनंदाने बोलावलं असतं हो!" सर्वानुमत्यांनी खणातून नियम काढला आणि बोट ठेवलं. "'याच शाखेतली, कायम नोकरीतली.' तुमचंच वाक्य. मी तर मेहुणीला तयार होतो."

मॅडमनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. "मग नियम बदला," त्या म्हणाल्या.

"बदलायला समिती लागेल."

"आणि समितीत स्त्री."

"आणि ती उमेदवार असल्यामुळे तिचा हितसंबंध." सर्वानुमत्यांनी नियम परत खणात ठेवला. "बघा, मी तुमच्या बाजूचा माणूस आहे. पण पद वर्षअखेरपर्यंत भरलं नाही तर रद्द होतं. पद गेलं की प्रयोगशाळा गेली. त्या जागेवर कुलगुरूंचा डोळा आहे. समता केंद्र काढायचंय त्यांना. आराखडासुद्धा आलाय. भट्ट्या आहेत ना, तिथे व्यासपीठ."

"भट्ट्या बंद करून?"

"व्यासपीठाखाली तापत्या कशा ठेवणार?" सर्वानुमत्यांनी आवाज उतरवला. "एक मार्ग आहे. तुम्ही अर्ज मागे घ्यायचा. म्हणजे तुम्ही उमेदवार नाही. म्हणजे तुम्ही समितीत बसू शकता. म्हणजे समिती भरते, पद भरतं, प्रयोगशाळा वाचते. पोरगा तुमचाच आहे. घरचंच म्हणायचं. तर मग हे सर्वानुमते..."

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

चिरंजीव प्रयोगशाळेतच होता. त्याला सगळं कळलेलं होतं. मॅडमना बघून तो भट्टीजवळच्या स्टुलावरून उठला आणि ते त्यांच्यापुढे सरकवलं. पोरगा वळणाचा होता.

"मॅडम, मी अर्ज मागे घेतो," तो म्हणाला. "तुमचा मान आहे."

मॅडमनी त्याच्या पाठीवर थाप द्यायला हात उचलला. तेवढ्यात त्याने पुढे विचारलं, "पण मी मागे घेतला तरी समिती भरतच नाही ना? तुमच्यासाठीसुद्धा?"

"नाही भरत."

"म्हणजे माझ्या माघारीचा उपयोग काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अरेरे," चिरंजीव म्हणाला. असं निर्मळ, पोटातून आलेलं 'अरेरे' मॅडमनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याचे खांदे दोन बोटं खाली आले. "घरीसुद्धा हेच म्हणाली. म्हणाली, विचारून बघायला काय जातं."

"बायको हुशार आहे तुझी."

"मी इथे असलो ना मॅडम, तर तुमच्या सळयांना कुणी बोट लावणार नाही. धाकटीची तर शपथ घेतो. पाटी कुणाचीही असो, भट्ट्या तुमच्याच."

मॅडम कोपऱ्यातल्या भट्टीच्या काचेला डोळा लावून उभ्या राहिल्या. सळई तांबूस उजेडात तशीच स्तब्ध होती. तिच्या गळ्याशी अलीकडे किंचित बारीकपणा आला होता. हीच वेळ महत्त्वाची. इतकी वर्षं नुसती तयारी होती. ती आता कशी आणि केव्हा तुटते, ते कळणं हेच सगळं काम होतं. ते कळलं, तर तशाच पोलादाच्या नळ्या ज्या ज्या वीजकेंद्रात आहेत तिथल्या लोकांना सांगता आलं असतं, की बाबांनो, आता बदला.

रात्रीच्या जेवणाला आईने सगळं ऐकून घेतलं. मॅडमचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. ते म्हणाले, "कोर्टात जाऊ."

"कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला नातवंडं होतील," आई म्हणाली. "आणि भट्टी तोवर कोण तापवणार? तुम्ही?" मग लेकीकडे वळून, "तू नको सही करूस. बुडू दे पद. त्या पोराला तरी का मिळावं?"

"आणि धाकटी?"

आईने ताटात बोट फिरवलं. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," ती शेवटी म्हणाली. "माझ्या वेळी सोपं होतं बघ. आम्हाला सरळ 'नाही' म्हणायचे. तुम्हाला आधी अध्यक्षांच्या शेजारी बसवतात."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अर्ज मागे घेतला.

निवड समिती कुलगुरूंच्या दालनात भरली. टेबलाच्या एका बाजूला कुलगुरू, कुलसचिव, सर्वानुमते, बाहेरच्या विद्यापीठातून आलेले एक पोक्त तज्ज्ञ आणि मॅडम. तज्ज्ञ प्रवासाने दमले होते आणि ते लपवत नव्हते. कुलसचिवांनी मॅडमकडे एकदा नजर टाकली आणि "गणपूर्ती आहे" असं लिहून घेतलं. समोरच्या एकाच खुर्चीत नव्या कोटात चिरंजीव.

पहिले प्रश्न सगळे सोपे होते. चिरंजीवाने नीट उत्तरं दिली. त्यातली निम्मी मॅडमनीच त्याला कधीतरी शिकवलेली होती. मग तज्ज्ञांनी एक डोळा उघडून विचारलं, "प्रयोगशाळेबद्दल काय स्वप्न आहे?"

चिरंजीव ताठ बसला. या प्रश्नाची त्याने आरशासमोर तयारी केली असावी. "सर, आजच्या काळात वर्षानुवर्षं सळया टांगून वाट बघत बसणं परवडणार नाही. जग पुढे गेलंय. सळई कधी तुटेल याचा अंदाज आपण संगणकावर एका दुपारी करू शकतो. मी जुन्या भट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करून तिथे..."

"वा!" तज्ज्ञांचा दुसरा डोळाही उघडला. कुलगुरूंनी मान डोलावली. सर्वानुमते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघू लागले.

"एक विचारू?" मॅडम म्हणाल्या.

त्या मुलाखतीत स्त्री सभासद बोलेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. कुलसचिवांनी लिहिणं थांबवलं.

"संगणकाला आकडे कुठून देणार?"

"जुन्या नोंदी आहेत ना, मॅडम."

"कुणाच्या?"

"आपल्या..." चिरंजीवाने गळ्यापाशी टाय सैल केला. "प्रयोगशाळेच्या."

"बरं. आणि टप्प्याटप्प्याने म्हणजे पहिला टप्पा कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

"शेवटचा?"

आता मात्र त्याला मॅडमकडे बघवेना. तो टेबलाच्या पायाला उद्देशून म्हणाला, "कोपऱ्यातली भट्टी सगळ्यांत शेवटी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. त्याआधी नाही." एवढंच त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने दिलं. ते फार थोडं आहे हे त्यालाही कळत होतं.

तो बाहेर गेला. तज्ज्ञ म्हणाले, मुलगा चमकदार आहे, दृष्टी आहे. कुलगुरू म्हणाले, तरुणांना संधी दिली पाहिजे. सर्वानुमते म्हणाले, "तर मग हे सर्वानुमते ठरलं," आणि निर्णयाचा कागद फिरायला लागला. सगळ्यांच्या सह्या होऊन तो मॅडमपुढे येऊन थांबला.

मॅडमनी पेन उघडलं. सही केली नाही, तर समिती मोडली, वर्षअखेरीला पद बुडालं, आणि व्यासपीठवाले मोजपट्टी घेऊन हजर. सगळ्या भट्ट्या एकाच दिवशी थंड. सही केली, तर आधी पुढची रांग थंड, मग मधली, आणि कोपऱ्यातली सगळ्यांत शेवटी. मॅडम सळईच्या गळ्याचा हिशोब मनातल्या मनात पुन्हा मांडू लागल्या. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ती तुटेल का? तुटलीच तर पावसाळ्याच्या आसपास तुटेल असं त्यांचं मन सांगत होतं, म्हणजे भट्टी बंद झाल्यानंतर. पण पोलाद आहे, मनाप्रमाणे वागेलच असं नाही. थोडी लवकर तुटली तर मिळेल. नाहीतर नाही. व्यासपीठाकडून मात्र काहीच मिळणार नव्हतं.

त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"झालं!" कुलसचिवांनी कागद ओढून घेतला.

कुलगुरू उभे राहिले. ते उभे राहिले की भाषण होतं, हे माहीत असल्यामुळे बाकीचेही उभे राहिले. "मित्रहो," ते म्हणाले, "समतेच्या नियमाखाली आपण भरलेलं हे या शाखेतलं सर्वोच्च पद. ही ऐतिहासिक गोष्ट आहे. आणि ती कुणामुळे शक्य झाली? मॅडमनी स्वतःचा अर्ज बाजूला ठेवला म्हणून! कोण करतं हो असं? पुरुषाला जमलं असतं का?"

"नसतं जमलं," सर्वानुमते मनापासून म्हणाले.

"पुरुषावर वेळच आली नसती," मॅडम म्हणाल्या. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे ते तज्ज्ञांखेरीज कुणाला ऐकू गेलं नाही, आणि तज्ज्ञांनी ते विनोद समजून हसून घेतलं.

दार उघडून चिरंजीवाला आत घेतलं. हस्तांदोलनं झाली. तो मॅडमजवळ आला, वाकू की नको अशा बेतात थबकला आणि कुजबुजला, "मॅडम, तसं बोलावं लागतं हो मुलाखतीत."

"पण करणार आहेस ना?"

मॅडमनी त्याच्या कोटाच्या खांद्यावर राहिलेला दुकानाचा दोरा काढून टाकला.

कुलगुरूंचं मन मात्र भरून आलेलं होतं आणि ते काही केल्या रितं होईना. त्यांनी सगळ्यांना हाताने थांबवलं. "नाही, आज असं नाही जाऊ द्यायचं. मॅडम, हे विद्यापीठ तुमच्या ऋणात आहे. मी सगळ्यांसमोर शब्द देतो. तुम्हाला काय हवं ते मागा. नियम आडवा आला तर मी नियम बघून घेईन. निःसंकोच मागा."

कुलसचिवांनी लिहून घ्यायला पेन काढलं. सर्वानुमत्यांचा श्वास अर्ध्यावर थांबला. नियम बदलता येतो असं कुलगुरूंनी आताच सगळ्यांदेखत म्हटलं होतं, आणि ते या बाईंच्या लक्षात आलं नसेल असं मानणं कठीण होतं. चिरंजीवाने टायची गाठ घट्ट धरली. कागदावरची शाई अजून पुरती वाळली नव्हती.

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सळईचा गळा बारीक झाल्यापासून पहाटेसारखी दुपारचीही नोंद घ्यावी लागत होती, आणि तिची वेळ होऊन गेली होती. त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "खाली तुमची गाडी माझ्या स्कूटरला आडवी लावलीय. तेवढी जरा पुढे घ्यायला सांगता का?"